साक्षीदाराचा रकाना

"शो मी," असं म्हणून तो पेन्सिल कानावर ठेवायचा. पेन्सिल कानावर गेली की समजायचं, आता हा माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही.

आमच्या बाई फळ्यावर 'गेट अप' लिहायच्या, अर्थ सांगायच्या. बाकी आम्ही आठ-दहा म्हातारे मुकाट्यानं वहीत उतरवून घ्यायचो. हा म्हणायचा, "शो मी." बाई बिचाऱ्या खुर्चीत बसून उठून दाखवायच्या. हा मान हलवायचा. "नो टीचर, दॅट इज स्टँड अप. गेट अप इज फ्रॉम बेड." आणि लायब्ररीच्या गालिच्यावर सरळ आडवा व्हायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. आडवा झोकात व्हायचा, उठताना मात्र दोघांना काखेत हात घालावा लागायचा. उठला की कपडे झटकायचा आणि पेन्सिल हातात घ्यायचा. "नाऊ आय राइट."

तुमच्याही बघण्यात असा एखादा माणूस असेल. सगळे हो म्हणून मोकळे होतात तिथं हा खुंट्यासारखा उभा राहतो. आपल्याला आधी त्याचा राग येतो. मला तर फार आला होता.

मी मूळचा इचलकरंजीचा. चौथी पास, तेही ढकलत. चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचं काम. मुलगा नितीन शिकला, ओहायोत डब्लिन म्हणून गाव आहे तिथं नोकरीला लागला, आणि आम्हा दोघांना घेऊन आला. दोघांना म्हणजे मला आणि शालनला. दुसऱ्या हिवाळ्यात शालनच्या छातीत पाणी झालं. नऊ दिवस दवाखान्यात होती. गेली.

सुनेनं मला लायब्ररीतल्या फुकटच्या इंग्रजीच्या वर्गात घातलं ते त्यानंतर. "काका, मन रमेल," म्हणाली. ती मला काका म्हणते. मी गेलो, पण मन रमवायला नाही. मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती, आणि ती मी घरात कुणाला सांगितली नव्हती.

शेवटच्या दिवशी दुपारी नितीन खाली गाडी हलवायला गेला होता. खोलीत शालन आणि मी. एक नर्स आली. शालनच्या यंत्राकडं बोट केलं, नळीकडं केलं, हाताकडं केलं, आणि माझ्याकडं बघून पुष्कळ काहीतरी बोलली. शेवटी "ओके?" म्हणाली. मी म्हणालो, "ओके, ओके." दुसरं मला येतच काय होतं? मग तिनं पडदा ओढला. पडदा सरकला तेव्हा शालनचे दोन्ही हात मोकळे होते. बांगडी नाही. आमच्यात नवरा जिवंत असताना बाईचे हात कधी मोकळे करतात, ते तुम्हाला सांगायला नको. करतच नाहीत. मला वाटलं, ह्यांनी हिला सोडलं. संध्याकाळी ती गेली.

तेव्हापासून डोक्यात एकच. मी कशाला ओके म्हणालो? माझ्या ओकेवर यंत्र थांबवलं का?

तर असा मी त्या वर्गात बसायचो आणि हा माणूस माझ्या शेजारी गालिच्यावर लोळायचा.

तो मॅसिडोनियाचा. असा देश आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं टेबलावर बोटानं नकाशा काढला आणि मधल्या रिकाम्या जागेवर टिचकी मारली. "स्मॉल. बट गुड ब्रेड." इथं येऊन त्यानं तीस वर्षं बेकरीत पाव भाजले होते. बायको वारल्यावर मुलीकडं राहायचा, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडं. मला "कोम्शी" म्हणायचा, म्हणजे शेजारी. मी त्याला दादा म्हणायचो. त्याची नातवंडं त्याला "देदो" म्हणत, म्हणजे आजोबा. त्यामुळं मी दादा म्हटलं की तो एक नातवंड वाढल्यासारखा खूश व्हायचा.

इंग्रजी त्याला आमच्यापेक्षा पुष्कळ येत होतं. मग वर्गात कशाला यायचा? तर शेपटीवाल्या शब्दांसाठी. बाई त्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणायच्या. हा म्हणायचा, टेल वर्ड्स. "बघ कोम्शी, लुक म्हणजे बघणं. सरळ माणूस आहे. त्याला शेपूट लावलं की पिसाळला. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. लुक फॉर म्हणजे शोधणं. लुक इन्टू म्हणजे चौकशी. डोळे तेच दोन, कामं पन्नास!" आमचं बोलणं मी मराठीत लिहितोय, कारण दोघांचंही इंग्रजी लिहिण्याच्या लायकीचं नव्हतं.

त्यांच्या चर्चमध्ये गावाकडनं नव्यानं येणाऱ्या म्हाताऱ्या बायका होत्या, नातवंडं सांभाळायला आणलेल्या. त्यांच्यासाठी हा वही करत होता. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्या रकान्यात मॅसिडोनियन. आणि तिसरा रकाना साक्षीदाराचा. हा अर्थ कुणाकडून मिळाला, कुठं घडताना बघितला, त्याचं नाव तिथं. डिक्शनरीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "डिक्शनरीला कधी भूक लागत नाही," म्हणायचा. "तिला काय कळतंय?"

ती वही त्यानं मला वाचून दाखवली. पुल ओव्हर, म्हणजे गाडी बाजूला घेणं. साक्षीदार, पोलीस, दोन वेळा. ब्रेक डाउन. साक्षीदार, माझी जुनी गाडी, बर्फात. गिव्ह अप, म्हणजे सोडून देणं. साक्षीदार, जावई, सिगारेट. ही ओळ खोडलेली होती.

"का खोडली?"

"गराजच्या मागं ओढताना सापडला."

गेट अलाँग म्हणजे एकमेकांशी पटणं. तिथं साक्षीदाराचा रकाना कोरा होता. मी विचारलं तर म्हणाला, "आई आणि बायको बावीस वर्षं एका घरात होत्या. वाट बघतोय."

एकदा ग्रोसरीतल्या पोराच्या तोंडून ह्यानं 'रन आउट' ऐकलं. ब्रेडचा कप्पा रिकामा होता. ह्यानं त्या पोराला तिथंच धरलं. कोण पळालं? कुठं पळालं? त्या पोरानं ह्याला मागच्या खोलीत नेऊन रिकामे ट्रे दाखवले तेव्हा सुटका झाली. बाहेर आल्यावर हा मला म्हणाला, "आमच्यात ह्याला एकच शब्द. स्नेमा. संपलं, उरलं नाही. लेब म्हणजे पाव. स्नेमा लेब. ह्यात पळापळ कशाला हवी?"

त्यांच्या भाषेत शेपूट मागं नसतं, शिंग पुढं असतं. पिये म्हणजे पितो. इस्पिये म्हणजे सगळं पिऊन टाकतो. लिहिण्याला पुढं झा लावलं की लिहून ठेवणं. हे सांगताना तो कपाळावर दोन बोटं उभी धरायचा. समोरच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचणारी एक गोरी बाई ते बघून जागा बदलून बसली.

मला म्हणाला, "तुमच्यात काय आहे? शेपूट का शिंग?"

मी आयुष्यात कधी माझ्या भाषेचा असा विचार केला नव्हता. दोन दिवस डोकं खाजवलं आणि त्याला सांगितलं, "दादा, आमच्यात दोन्ही नाही. आमचे शब्द नवरा-बायकोसारखे जोडीनं चालतात. खाऊन टाक. करून ठेव. पहिला काम करतो. दुसरा, ते काम कसं झालं ते सांगतो."

"सगळ्या घरांत तेच," तो म्हणाला. लगेच पेन्सिल कानावर. "शो मी."

बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्यानं डब्यातून आणलेला पालकाचा गुंडाळलेला पाव, झेल्निक म्हणतात त्याला, मधे ठेवला होता. मी एक तुकडा तोंडात टाकून गिळला. "हे खाऊन टाकलं. कटकट मिटली." दुसरा रुमालात बांधला. "हा ठेवला. उद्यासाठी." तो मान डोलवत लिहीत होता. "आणि तिसरं आहे, करून बसणं. एखादी गोष्ट हातून होऊन जाते, मागं घेता येत नाही, तेव्हा म्हणतात."

"शो मी."

मी त्याला म्हणालो, "मी ओके म्हणून बसलो."

हे तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. आठ महिने पोराला सांगितलं नव्हतं आणि ह्या पाववाल्याला सांगून टाकलं. सगळं. नर्स, यंत्र, पडदा, मोकळे हात. माझ्या तोडक्या इंग्रजीत अर्धा तास लागला. त्यानं मधे एकदाही शब्द सुधारला नाही.

सांगून झाल्यावर मला वाटलं, आता हा पाठीवर हात ठेवणार, गॉड म्हणणार, डेस्टिनी म्हणणार. तो म्हणाला, "नर्स जिवंत आहे ना?"

"असेल की."

"मग मला काय विचारतोस? तिला विचार. आय्दे!" आय्दे म्हणजे चल. दिवसातून शंभर वेळा म्हणायचा.

मी नाही म्हणालो. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? संशय परवडतो. तिनं हो म्हणून सांगितलं असतं तर मी कुठं जाणार होतो? मी त्याला रागानं बोललो, की ही तुझी वही नाही, माझी बायको आहे. त्यानं उरलेला पाव फडक्यात बांधला आणि निघून गेला. पुढच्या मंगळवारी वर्गात माझ्या शेजारी बसला, पण नुसता बसला. त्या दिवशी बाईंनी 'फॉल डाउन' शिकवलं आणि हा पडला नाही. बाईंनी मला हळूच विचारलं, त्यांना बरं नाही का?

गुरुवारी मीच त्याला म्हणालो, "चल."

रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणाला. कुणाला प्रश्न विचारायला जाताना भाकरी न्यायची असते, अशी त्यांच्याकडची पद्धत. सकाळी उठून त्यानं मोठी परातभर झेल्निक भाजलं. माझ्या मांडीवर गरम परात, आणि हा गाडी चालवतोय बैलगाडीसारखी. मागनं सगळे हॉर्न मारतायत.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं, असं नर्सला भेटता येत नाही. मग ह्यानं आपलं भांडार उघडलं. "यू लुक इन्टू इट. यू फाइंड आउट. यू कॉल हर अप. शी कम डाउन. वी डोन्ट गो अवे." एकेक शेपूट टेबलावर आपटत होता. पोरीनं विचारलं, पेशंट तुमचं कोण? हा म्हणाला, "माय सिस्टर-इन-लॉ." ती एकदा ह्याच्याकडं बघते, एकदा माझ्याकडं. हा लालबुंद, निळ्या डोळ्यांचा. मी हा असा. शेवटी माझं ओळखपत्र बघितलं, मी नवरा आहे ही खात्री केली, त्या दिवशी ड्युटीवर कोण नर्स होती ते कम्प्युटरवर बघितलं आणि फोन उचलला. परातीचा वास तोवर लिफ्टपर्यंत गेला होता.

नर्स जेवणाच्या सुट्टीत खाली आली. बारीकशी, तिशीची. मी तिला लगेच ओळखलं. तिनंही मला ओळखलं. म्हणाली, "द बँगल्स." बांगड्या.

दादानं तिला आधी बसवलं, झेल्निकचा तुकडा हातात दिला, मग स्पष्ट विचारलं. ह्यानं त्या दिवशी ओके म्हटलं. त्या ओकेवर तुम्ही काय थांबवलं?

ती खाताना थांबली. काहीच नाही, म्हणाली. काहीच थांबवलं नाही. अशी गोष्ट कुणी नुसत्या ओकेवर करत नाही. त्याला डॉक्टर लागतात, घरचे सगळे लागतात, सही लागते. हिचं हृदय थकलं होतं, ते आपलं आपण थांबलं. शेवटपर्यंत औषध चालू होतं.

दादानं मला हे तीन वेळा समजावलं. सावकाश, हाताच्या खुणा करून. मी तिसऱ्यांदाही ओके म्हणालो नाही. म्हणालो, "मग हात मोकळे का केले?"

त्यानं तिला विचारलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. "शो मी."

ती उठली. खिशातून क्रीमची छोटी ट्यूब काढली आणि माझाच हात हातात घेतला. सलाइननं शालनचे हात सुजले होते, काचेच्या बांगड्या रुतत होत्या. त्या फोडायचं ठरलं होतं, पण नर्सला ते बरं वाटेना, म्हणून मला विचारलं, एकेक करून काढू का? मी ओके म्हणालो. तिनं माझ्या मनगटाला क्रीम लावलं, अंगठा आत दुमडला, तळवा बारीक केला आणि नसलेली बांगडी फिरवत फिरवत पुढं आणली. कासारीण बांगड्या भरते ना, तस्संच, फक्त उलटं. इतक्या हळू, की मी बघतच राहिलो. वीस मिनिटं लागली होती म्हणाली. एकही फुटली नाही.

मग ती म्हणाली, मलाही एक विचारायचं आहे. शेवटची निघाल्यावर तुमच्या मिसेसनी असं केलं. तिनं दोन्ही हात दादाच्या गालांवरून फिरवले आणि बोटं आपल्या कानशिलावर टेकवून दाबली. ह्याचा अर्थ काय? आठ महिने मला वाटतंय, त्यांना दुखत होतं का? माझ्या हातून काही चुकलं का?

आता दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

तुम्हीच सांगा, हे कुठल्या इंग्रजीत सांगायचं? सुजलेल्या हातांनी माझ्या बायकोनं त्या परक्या पोरीची दृष्ट काढली होती. कानशिलावर बोटं मोडली होती, लेकीची मोडतात तशी. मी खूप शब्द शोधले. एकाला शेपूट नव्हतं, एकाला शिंग नव्हतं. शेवटी म्हणालो, "यू, हर डॉटर. नो पेन. डॉटर." आणि मी उठून तिची दृष्ट काढली, शालनची राहिली असेल तेवढी. माझी बोटं कडाकडा मोडली. इतकी वाजली की काउंटरवरची पोरगी उभी राहिली.

नर्स रडायला लागली. सॉरी म्हणाली, तुम्ही ओके म्हणत राहिलात, मला वाटलं तुम्हाला कळतंय. मी दुभाषी मागवायला हवा होता. दादानं कानावरची पेन्सिल काढली आणि तिथंच वहीत लिहायला घेतलं. पहिला रकाना, इंग्रजीचा, कोरा सोडला. दुसऱ्यात त्याच्या भाषेत काहीतरी लिहिलं. तिसऱ्यात नर्सचं नाव विचारून, स्पेलिंग विचारून लिहिलं. उरलेली परात तिला दिली आणि परात धुऊन परत पाठव म्हणून बजावलं.

घरी येऊन मी नितीनला सांगितलं. तो लॅपटॉप उघडून बसला होता. म्हणाला, "अप्पा, आठ महिने? मला विचारायचं नाही का?"

"तू मीटिंगमधे असतोस."

"काहीही काय बोलता, अप्पा!" म्हणाला आणि लॅपटॉप मिटून माझ्या शेजारी येऊन बसला. आई गेल्यापासून आम्ही दोघं असे बसलोच नव्हतो. मग तो आत गेला आणि कपाटातून दवाखान्याची पिशवी घेऊन आला. त्यानंही ती उघडली नव्हती. त्याचीही छाती झाली नव्हती. बांगड्या कापसात गुंडाळलेल्या होत्या, अंड्यांसारख्या.

त्यानंतर दादा आणि मी दीड वर्ष शेजारी बसलो. त्याचं बघून मीही वर्गात प्रश्न विचारायला लागलो. बाई म्हणायच्या, आधी एक होता, आता दोन झाले. एकदा आम्ही दोघांनी मिळून 'लाय डाउन' करून दाखवलं. तेव्हा उठवायला वॉचमन बोलवावा लागला.

फेब्रुवारीत तो गेला. सकाळी पीठ मळून फुगायला ठेवलं आणि खुर्चीत टेकला, तो तसाच. मुलगी दुपारी घरी आली तेव्हा पीठ भांड्यातून उतू जाऊन ओट्यावर आलं होतं. ती सांगत होती, तेवढ्यानंच तिला कळलं, डॅड असं पीठ कधी सोडत नाहीत.

चाळीस दिवसांनी त्यांच्यात चर्चमध्ये बोलावतात. नितीननं मला सोडलं. मोठ्या पातेल्यात उकडलेले गहू होते, साखर आणि अक्रोड घातलेले. आपल्या खपलीच्या खिरीसारखे, पण कोरडे. त्याची मुलगी प्रत्येकाला चमच्यानं देत होती, आणि प्रत्येक जण घेताना तिला एकच वाक्य म्हणत होता, "बोग दा गो प्रोस्ती." माझ्या पुढं रांगेत बारा-पंधरा जण होते. ऐकून ऐकून मला पाठ झालं. मीही तसंच म्हणून मोकळा झालो असतो तर कुणाला कळलं नसतं.

माझी पाळी आली. मी वाटी पुढं केली नाही. म्हणालो, "पोरी, हे सगळे काय म्हणतायत? अर्थ सांग आधी."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "देव त्याला माफ करो."

मी म्हणालो, "कशाबद्दल?"

मागची रांग थांबली. चमचा तसाच हातात धरून ती विचार करत राहिली, आणि मग एकदम हसायला लागली. म्हणाली, "अंकल, आय डोन्ट नो. त्यांनी माझ्या नवऱ्याला सिगारेटपायी फार छळलं."

"ते चालतंय," मी म्हणालो, आणि वाटी पुढं केली. मग तिच्याकडं बघून, तिच्या भाषेत, नीट समजून, ते वाक्य म्हणालो. तिनं दोन चमचे घातले. बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं, बर्फ वितळत होता. मी तिथं बसून शेवटच्या दाण्यापर्यंत सगळं खाल्लं.